जाऊबाई स्वस्त दुकानात जातात

आमच्या मोठ्या जाऊबाईंचं खरं घर म्हणजे पाळणाघराचं स्वयंपाकघर. आमच्याकडे त्या फक्त झोपायला आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला येतात, असं मी एकदा नवऱ्याला म्हटलं. भिंतींना कान असतात म्हणतात, आणि आमच्या भिंती तर पातळसुद्धा आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा घोट घेत जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "नावं ठेवण्यासारखं असतं म्हणून ठेवते." चहात साखर कमी आहे, हेही जाता जाता सांगितलं.

मी त्यांना तोंडावर ताई म्हणते आणि पाठीमागे इन्स्पेक्टर. कोबीचा गड्डा कानाशी धरून दाबून बघणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही. करकरला तर ताजा, गप्प राहिला तर परत टोपलीत. भाजीवाले त्यांना लांबून ओळखतात आणि चांगला माल आपणहून वर काढून ठेवतात, म्हणजे बोलणी तरी खावी लागत नाहीत.

मोठे दीर गेले तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता ह्या बाई कोपरा धरून बसणार. मूलबाळ नाही, घरात बोलायला मी, आणि माझं त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण दोन महिन्यांत त्या बसस्थानकामागच्या पाळणाघरात स्वयंपाकाला लागल्या. तिथे स्वयंपाकघराच्या भिंतीला एक बुटकी खिडकी आहे. दुपारी त्या खिडकीपाशी पोरं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहतात. त्या रांगेनं जाऊबाईंना पुन्हा उभं केलं, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यासमोर मात्र मी हे कधी बोलले नाही, कारण "पाघळू नकोस" असं ऐकून घ्यावं लागलं असतं.

तर ह्या स्वयंपाकघरावरच गदा आली.

पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाई काही दुष्ट नाहीत. छप्पर गळतंय, भाडं वाढलंय, आयाबाप फी वाढवून देत नाहीत. त्यांचीही तारेवरची कसरतच. त्यांनी जाऊबाईंना ऑफिसात बोलावून खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच जाऊबाईंना शंका आली. एका कंत्राटदारानं मुलांच्या जेवणाचे बंद डबे पुरवायची तयारी दाखवली होती. गरम करायचे, झाकण सोलायचं, की जेवण तयार. किराण्याचा खर्च निदान पाव भागानं खाली आला नाही, तर मोठ्या सुट्टीनंतर स्वयंपाकघर बंद करून डबे सुरू करावे लागतील, असं मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमची नोकरी जाणार नाही हं," त्यांनी लगेच सांगितलं. "डबे वाटायला कुणीतरी लागेलच."

"मला झाकणं सोलायला ठेवणार आहेत," घरी येऊन जाऊबाई एवढंच बोलल्या. त्या संध्याकाळी मी केलेला भात खाली लागला होता. त्यांनी तो मुकाट्यानं खाल्ला, आणि प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

सिग्नलच्या पलीकडे, जुन्या फर्निचरच्या गोदामात, नुकतंच एक मोठं स्वस्त दुकान उघडलं होतं. मी आपलं सुचवलं, तिथून सामान आणून बघा. जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उकिरड्यावर जेवायला चला म्हणाले.

"तिथे? खोकी फाडून तशीच मांडतात तिथे? मालाची नावं तरी ऐकलीस का कधी? दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं."

"पण आधी दिसू तरी द्या की, ताई," मी म्हटलं.

शेवटी अडलं म्हणून आल्या. दुकान म्हणजे नुसती लांबच लांब शेड. डोक्यावर ट्यूबलाइट, पायाखाली सिमेंट, लाकडी पाटांवर गोणी आणि खोकी. पिशवी मागितली तर विकत घ्यावी लागते. हे कुठे, ते कुठे असं विचारायला माणूस सापडत नाही. आणि मधल्या रांगेत मांडलेल्या वस्तू पाहिल्या की आपण कशाला आलो होतो तेच माणूस विसरतो. शिडी, चपला, फुगवायची गादी. आवळा देऊन कोहळा काढण्याची ती जागा, हे मला कळत होतं, आणि कळूनही मी तिथे पोहण्याचा चष्मा घेतला. आमच्या घरात कुणालाच पोहता येत नाही. "छान," जाऊबाई म्हणाल्या. "कांदे चिरताना लाव."

त्या स्वतः मात्र गुडघे टेकून जमिनीवर बसल्या होत्या. सगळ्यात खालच्या फळीवरच्या चिठ्ठ्या वाचायला. मोठ्या अक्षरात पाकिटाची किंमत आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात किलोचा भाव. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही, हे त्यांच्या पहिल्या दिवशीच लक्षात आलं. मलाही त्यांनी खाली बसवलं. येणारेजाणारे आम्हाला ढकलगाडीनं वळसा घालून जात होते, आणि कुणीतरी आमचं काही हरवलंय का असंही विचारलं.

माल आणला, पण त्यावर विश्वास कोण ठेवणार? जाऊबाईंनी परीक्षा घ्यायची ठरवली. रविवारी आमच्या घरी प्रत्येक पदार्थ दोन पातेल्यांत शिजायचा. एकात कोपऱ्यावरच्या दुकानदारकाकांकडचा माल, दुसऱ्यात स्वस्त दुकानातला. कुठलं कुठलं ते आपल्याला कळावं म्हणून काकांच्या पातेल्याच्या कानाला त्या लाल दोरा बांधायच्या. परीक्षक आम्ही तिघं: मी, माझा नवरा आणि मामंजी. मामंजी म्हणजे आमचे सासरे, जेवणाच्या बाबतीत स्वतःला फार मोठे जाणकार समजतात.

पहिल्या रविवारी भात झाला, दुसऱ्या रविवारी पांढऱ्या घेवड्याची आमटी, तिसऱ्या रविवारी वाटाण्याचं सूप. तिन्ही वेळा तिघांनी एकमतानं दोऱ्याच्या पातेल्याला कौल दिला. स्वस्ताचा तांदूळ मामंजींना चिकट लागला, घेवडा नवऱ्याला पिठूळ लागला. सुपाचं मी काय बोलले ते आता आठवत नाही, पण नाक मुरडल्याचं आठवतं. जाऊबाई दुःखी असायला हव्या होत्या. खर्च कसा उतरणार? पण खरं सांगायचं तर त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "बघा, मी म्हणत नव्हते?" असं सांगणारं.

चौथ्या रविवारी दुकानदारकाका लेकीकडे गेले होते, दुकान बंद. जाऊबाईंनी दोन्ही पातेल्यांत स्वस्त दुकानातलाच तांदूळ घातला आणि हाताच्या सवयीनं एका कानाला दोरा बांधला. आम्हाला काय माहीत! मामंजींनी दोऱ्याच्या पातेल्यातला घास घेतला आणि डोळे मिटले.

"ह्याला म्हणतात दाणा! मोकळा, सुटा. आणि हे दुसरं म्हणजे नुसतं पोट भरायचं काम."

"अगदी," माझा नवरा म्हणाला. मीही मान डोलावली.

जाऊबाईंनी डाव खाली ठेवला. "दोन्ही पातेल्यांत एकाच पिशवीतला तांदूळ आहे."

मग मामंजी दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "पण दोरा तर ह्याच पातेल्याला होता ना?"

दोरा बांधताना त्यांना सगळं घर बघत असे, हे जाऊबाईंच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, बाईला काकांचा माल जिंकायला हवाय, तर जिंकू दे. त्यांचं मन कशाला मोडा. चौघांच्या घरात महिनाभर परीक्षा चालली होती आणि चव कुणीच घेतली नव्हती.

"तुम्ही माझं तोंड बघून जेवत होतात," जाऊबाई म्हणाल्या. मला वाटलं आता भांडं आपटणार. पण त्या मटकन बसल्या आणि हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मग आम्हालाही राहवेना. मामंजी मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की दोऱ्याच्या पातेल्यातला भात थोडा बरा होता.

तेव्हापासून त्यांनी मोठ्या माणसांना विचारणं सोडलं. पाळणाघरातल्या पोरांना कुणाचं मन राखायचं असतं हे माहीतच नसतं. जाऊबाई एका दिवशी एकच जिन्नस बदलायच्या आणि दुपारी धुवायला येणाऱ्या ताटल्या बघायच्या. स्वस्तातला घेवडा चाटूनपुसून संपला. तांदूळ संपला. ओट, दूध पावडर, पीठ, साखर, तेल, सगळं बिनबोभाट पोटात गेलं. "आणि मीठ काय, महाग पाकिटात बसून जास्त खारट होतंय थोडंच?" त्या मला म्हणाल्या. वर्षानुवर्षं ठरावीक छापाचं मीठ आणायला मला उन्हातान्हात परत पाठवणारी हीच बाई!

पण सगळंच काही गोड नव्हतं. डबाबंद टोमॅटोचं सूप पोरांनी तसंच परत पाठवलं, आंबट ढाण. भांडी घासायचा साबण इतका पातळ, की एका बाटलीचं काम करायला दोन लागायच्या. आणि बटाट्यांनी तर आमची चांगलीच जिरवली. अर्ध्या भावात मिळते म्हणून जाऊबाईंनी भली मोठी गोणी घेतली, ती मी आणि त्यांनी मिळून फरफटत आणली, आणि स्वयंपाकघराच्या उबेत त्या बटाट्यांना असे कोंब फुटले की खिडकीबाहेर बाग करावी. अति तिथं माती, दुसरं काय.

ह्या सगळ्यात त्यांना खरा जाच होता तो दुकानदारकाकांचा. काका काही म्हणत नव्हते, तोच जाच. कोपऱ्यावरचं दुकान, लग्न होऊन आल्यापासूनची ओळख. दीर गेले तेव्हा न सांगता सामान घरपोच करणारा माणूस. त्यामुळे सिग्नलपलीकडून येताना जाऊबाई मागच्या गल्लीनं यायच्या, पिशव्यांवर ओढणी टाकून. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार मला मुळीच पटत नव्हता, पण पिशव्या उचलायला मीच असायचे.

आणि एक दिवस स्वस्त दुकानात, तेलाच्या रांगेच्या वळणावर, आमची ढकलगाडी समोरच्या ढकलगाडीवर आदळली. समोर दुकानदारकाका. गाडीत तेलाच्या बाटल्या आणि साखर शिगोशीग.

जाऊबाईंचा चेहरा लालबुंद झाला. काकांचा त्याहून लाल.

"घाऊकवाल्यापेक्षा इथे स्वस्त पडतं, वहिनी," काका जवळजवळ कुजबुजले. "काय करू? तिथून घेतलं तर मला काही सुटतच नाही."

"म्हणजे तुमच्याकडचं तेल..."

"इथलंच. गेले काही आठवडे."

जाऊबाईंनी त्यांच्या गाडीतली एक बाटली उचलून चिठ्ठी वाचली. मग म्हणाल्या, "आणि मी लाल दोरे बांधत बसले." काकांना अर्थातच काही कळलं नाही. पण दोघांच्या मनावरचं ओझं एकदम उतरलं, हे मला दिसलं. परत येताना आम्ही तिघं हमरस्त्यानं, पिशव्या उघड्या ठेवून आलो. काकांनी सांगून टाकलं, "कोरडा माल खुशाल इथून न्या. पण कांदे, बटाटे, अंडी, भाजी माझ्याकडून घ्या. इथे जाळीत बांधून देतात, वरचे चार बघायचे आणि खालचे नशिबाचे. मी सुटं देईन, लागेल तेवढंच, आणि तुम्ही हवं तर एकेक कांदा निवडून घ्या." निवडून घ्या म्हणाले, हा त्यांचा मोठेपणा, जाऊबाई निवडायला लागल्या की मागे गिऱ्हाईकं खोळंबतात.

अशी घडी बसली. गल्लीतल्या बायका जाऊबाईंना विचारू लागल्या, काय हो, ते दुकान परवडतं का? "दुकान आपणहून परवडत नसतं," त्या म्हणायच्या. "काय घ्यायचं ते घरून ठरवून जा, खाली वाकून भाव वाचा, आणि मधल्या रांगेत माझ्या जावेला नेऊ नका." माझ्या नावाचा असा डांगोरा पिटला जात होता, आणि मी ऐकून घेत होते, कारण त्या पुन्हा पहिल्यासारख्या बोलायला लागल्या होत्या.

खर्च पाव भागाहूनही जास्त उतरला. मोठ्या बाईंनी कौतुक केलं, पाठ थोपटली. आणि सुट्टी तोंडावर आली असताना कंत्राटदारानं आपला भाव आणखी खाली आणला. आता डबे पुन्हा थोडे स्वस्त पडत होते. पाळणाघराच्या कमिटीचं म्हणणं, सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी एकदा डबे वाटून बघू. त्या दिवशी गॅस पेटवायचा नाही.

मला इतका संताप आला की काय सांगू. "ताई, डबे अर्धवटच गरम करा," मी म्हटलं. "गार जेवण कोण खाईल? आपोआप नापास होतील."

त्या माझ्यावर अशा कडाडल्या की मामंजी आतून बाहेर आले. "तो तांदूळ मी चाखायच्या आधीच नापास केला होता. तोच गाढवपणा पुन्हा करू? डबा चांगला असला तर चांगला. पोरं जेवली पाहिजेत." मग आवाज खाली आला. "तू मात्र ये उद्या माझ्यासोबत. मला एकटीला नको वाटतं." हे वाक्य त्यांच्या तोंडून येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. डबे आले, एकसारखे, रचलेले, वर चकचकीत झाकण. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं तसेच जाऊबाईंनी ते पाण्यात गरम केले, एकही मिनिट इकडचं तिकडे नाही. एक उघडला, चमचाभर चाखला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "भाजीसुद्धा कच्ची नाही." आणि ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

पोरं बसली. प्रत्येकासमोर एक डबा. मोठ्या बाई भिंतीशी हात बांधून बघत होत्या. जाऊबाई टेबलाटेबलाशी जाऊन झाकणं सोलून देत होत्या आणि "छान आहे हं, खा" म्हणत होत्या, आणि खरंच पोरं खात होती. कुणी तोंड वाकडं केलं नाही. मी मनातल्या मनात हरले.

मग एक पोरगी उठली. पाळणाघरात तिला सगळे पैलवान म्हणतात; उंचीला टेबलाएवढी, पण खायला दोघांची. तिचा डबा सगळ्यांच्या आधी रिकामा झाला होता. ती तो घेऊन सवयीनं खिडकीपाशी गेली आणि वर धरला.

"अजून."

"आज एवढंच आहे, बाळा," जाऊबाई म्हणाल्या.

पैलवानाला ते समजलंच नाही. तिनं डबा थोडा आणखी उंच केला. "अजून."

तिच्यामागे आणखी एक येऊन उभा राहिला. मग आणखी दोघं. मोठ्या बाई पुढे झाल्या. त्यांनी टेबलांवर नजर टाकली. तिथे कितीतरी डबे अर्धे भरलेले. चिमणीएवढं खाणारी पोरं केव्हाच उठून खेळायला पळाली होती. मोठ्या बाईंनी त्यातला एक डबा उचलला, पैलवानाकडे पाहिलं, आणि परत ठेवला. उष्टं कसं देणार? त्यांनी तो डबा स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या टोपलीत ओतला. मग दुसरा. तिसऱ्यापाशी थांबल्या.

"तुमच्याकडे रोज किती टाकावं लागतं?" त्यांनी विचारलं.

"टाकायला उरत नाही, बाई," जाऊबाई म्हणाल्या. "कमी लागतं त्याला कमी वाढते. त्याचं पातेल्यात राहतं ते हिला जातं."

मोठ्या बाई हातात डबा धरून तशाच उभ्या. पैलवान आता त्यांच्याकडे वळली होती. तिला काय, मोठ्या बाई असोत नाहीतर कमिटी असो. तिनं रिकामा डबा सरळ त्यांच्यापुढे धरला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आत काय आहे शिजवण्यासारखं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"अंडी आहेत. बटाटे आहेत. पण आज गॅस पेटवायचा नाही म्हणालात."

"पेटवा," मोठ्या बाई म्हणाल्या. "आजही पेटवा आणि सुट्टीनंतरही. कमिटीशी मी बोलते."

जाऊबाईंनी काडी ओढली. ती विझली. दुसरी ओढली, तीही विझली. मी त्यांच्या हातातून पेटी घेतली, गॅस पेटवला, आणि त्या डोळे पुसत मला म्हणाल्या, "बारीक कर, भांडं जाळशील."